काटकसर आणि कणगी : काशीदकडील शेतकरी घराचा जमाखर्च

शेतकऱ्यास काटकसरीचा उपदेश करणारांची उणीव कोणत्याच काळी नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, थेंबे थेंबे तळे साचे, ही वचने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ती खोटी नाहीत. परंतु ती ऐकून कोणाचे घर सावरले असे फारसे दिसत नाही. ह्याचे कारण उघड आहे. उपदेश करणारा ‘खर्च कमी करा’ एवढेच सांगतो. कोणता खर्च, कोणत्या महिन्यात, आणि तो कमी करून जे उरेल त्याचे करावयाचे काय, हे तो सांगत नाही. त्यामुळे काटकसर म्हणजे पोटास चिमटा घेणे अशी समजूत पसरते, व ज्यास तो चिमटा रोजच घ्यावा लागतो त्यास ह्या उपदेशाचा वीट येतो.

आमचे म्हणणे निराळे आहे. काटकसरीचा पहिला लाभ पैसा साठणे हा नसून वेळेवर ‘नाही’ म्हणता येणे हा आहे. ज्याच्या कणगीत पुढील पीक हाती येईपर्यंत पुरेल इतके भात आहे, तो पडत्या भावात माल घालण्यास व्यापाऱ्यास नाही म्हणू शकतो. जबर व्याजाच्या कर्जास नाही म्हणू शकतो. आणि जमीन मागण्यास दारी आलेल्या गिऱ्हाइकासही नाही म्हणू शकतो. ज्याची कणगी श्रावणातच रिकामी होते त्याचे हे तिन्ही नकार आधीच विकले गेलेले असतात. हे केवळ तर्काने सांगत नाही. आमच्याच जिल्ह्यात ह्याची मोठी साक्ष आहे.

चरीची साक्ष

अलिबाग तालुक्यातील चरी ह्या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा भरली, आणि खोतांच्या जमिनी ह्यापुढे कसावयाच्या नाहीत असे ठरले. नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी हा निश्चय पाळला. तो एका हंगामापुरता नव्हता; १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, तो चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी ह्या लढ्यास पाठिंबा दिला. १९३४ च्या डिसेंबरात चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेस ते आले, व १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. पुढे १९३९ चा व १९४८ चा असे कुळांच्या हक्कांचे कायदे झाले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आज ह्या भागातील कित्येक वाचकांच्या सातबाऱ्यावर जे नाव आहे, त्यामागे ती सहा वर्षे उभी आहेत.

ह्या संपाचा इतिहास सभा, भाषणे व कायदे ह्यांच्या अंगाने पुष्कळ सांगितला जातो. शेतकरी मासिकाने तो चुलीच्या अंगानेही पाहिला पाहिजे. कूळ म्हणजे ज्याचे पोट त्या भातावरच चाले असा मनुष्य. त्याने खाचर पडीक टाकले म्हणजे खोताचा वाटा बुडाला हे खरे, पण त्याच्या स्वतःच्या घरी येणारे भातही बुडाले. अशा लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून, एक नव्हे तर सहा पावसाळे काढले. त्या हालांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ती उपासमार होती, आणि तशी पाळी कोणावर येऊ नये. परंतु एवढे मात्र त्यातून शिकावे की, ज्या घरास थोडक्यात भागविण्याची रीत माहीत आहे त्यास वाकविणे कठीण असते.

काशीदची स्थिती

चरी तेव्हाच्या ब्रिटिश कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, जंजिरा संस्थान लागे. काशीद हे त्या संस्थानातील गाव. संस्थान १९४८ साली विलीन झाले, जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, आणि काशीद आज मुरूड तालुक्यात, अलिबाग ते मुरूड ह्या रस्त्यावर आहे. पश्चिमेस समुद्र व पांढऱ्या वाळूचा किनारा, पूर्वेस डोंगर. ह्या डोंगरांतच एके काळची नवाबाची शिकारीची राने होती, व तेथे १९८६ पासून फणसाडचे अभयारण्य आहे. डोंगर व समुद्र ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत भाताची खाचरे व नारळ-सुपारीच्या वाड्या.

अशा ठिकाणी जमीन थोडी, पाऊस फार, आणि मुख्य पीक एकच, असा प्रकार असतो. पावसाळ्यानंतर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल होतो. वाडीत नारळ, सुपारी, केळी होतात. त्याला अलीकडील काळात पाहुण्यांची भर पडली. मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात व मे महिन्यात किनाऱ्यावर येतात. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करून कित्येक घरांस रोकड मिळते. ही रोकड चांगली आहे. परंतु तीही पिकासारखीच हंगामी आहे. पाऊस सुरू झाला की ती रोडावते. तात्पर्य, काशीदच्या घरी पैसा येतो सात-आठ महिने, आणि खर्च चालतो बारा महिने. ह्या गावच्या काटकसरीचा प्रश्न असा आहे. आणि तो सोडविण्यास दोन वह्या लागतात.

पहिली वही : धान्याची

बहुतेक घरांत जमाखर्च लिहिलाच जात नाही, आणि जेथे लिहिला जातो तेथे फक्त रुपयांचा. शेतकऱ्याने रुपयांच्या आधी दाण्यांचा हिशेब लिहावा. उदाहरणार्थ, पाच माणसांचे एक घर घेऊ. हे घर कोणाचे म्हणून नव्हे, केवळ हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहे. वाचकांनी आपापले आकडे घालावे.

भात खाणाऱ्या ह्या घरी रोज २ किलो तांदूळ लागतो असे धरले, तर वर्षास ७३० किलो होतो. गिरणीत भाताचा सुमारे दोनतृतीयांश तांदूळ उतरतो. म्हणून ७३० किलो तांदळासाठी १,०९५ किलो भात पाहिजे. पुढील वर्षाच्या एक एकर लावणीकरिता बियाणे २० किलो. ह्याशिवाय दोन महिन्यांचा जादा साठा, म्हणजे १२० किलो तांदूळ, अर्थात १८० किलो भात. एकूण १,२९५ किलो, म्हणजे जवळजवळ १३ क्विंटल. हेक्टरी ३५ क्विंटल पीक धरले तर एकरी १४ क्विंटल पडते. ह्याचा अर्थ असा की, बऱ्यापैकी पिकलेले एक एकर खाचर पाच माणसांच्या पोटाची वर्षभराची हमी आहे.

आता दोन महिन्यांच्या जादा साठ्याचे महत्त्व पहा. समजा, पुढच्या वर्षी पीक बुडाले व एकरी १० क्विंटलच आले. बियाण्याचे २० किलो काढून ९८० किलो भात राहिले. त्याचा तांदूळ ६५३ किलो. रोज २ किलोप्रमाणे तो ३२६ दिवस पुरेल. तूट ३९ दिवसांची. ज्याच्या घरी मागील वर्षाचा दोन महिन्यांचा साठा आहे त्यास ही तूट जाणवणारही नाही. ज्याच्या घरी तो नाही त्यास भाद्रपदात, म्हणजे हाती रोकड नसताना व बाजार तेजीत असताना, तांदूळ उधारीवर आणावा लागेल. चांगल्या वर्षी बाजूस ठेविलेले १८० किलो भात वाईट वर्षी घर राखते. काटकसर ती हीच.

ह्यावर कोणी म्हणेल की, भात विकून रोकड करावी आणि लागेल तेव्हा तांदूळ घ्यावा, त्यात काय बिघडले? हिशेब करू. २०२४-२५ च्या हंगामासाठी साधारण भाताचा आधारभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या भावाने ४५० किलो भात विकले तर १०,३५० रुपये येतात. तेवढ्या भाताचा तांदूळ ३०० किलो. तोच दुकानातून ५० रुपये किलोने घेतला तर १५,००० रुपये द्यावे लागतील. गिरणीची मजुरी किलोस ३ रुपयांप्रमाणे ९०० रुपये वजा घातली तरी ३,७५० रुपयांचा खड्डा पडला. आणि हा हिशेब आधारभाव मिळाला असे धरून आहे. सुगीच्या गर्दीत दारावर येऊन माप घेणारा त्याहून कमी देत असेल, तर खड्डा अधिक खोल. म्हणून नियम असा की, आधी घराचे भात कणगीत, मग उरले ते बाजारात.

शिधावाटप दुकानातून पात्र कुटुंबास माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, त्याचीही नोंद ह्याच वहीत करावी. परंतु तेवढ्यावर विसंबून घरचे भात काढून टाकू नये. पात्रतेचे नियम आपल्या हाती नसतात. कणगी आपल्या हाती असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. पुष्कळ घरांत काटकसरीचा आरंभ गृहिणीच्या ताटापासून होतो. सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्यात उरेल त्यावर ती भागविते, आणि घरास ते दिसतही नाही. अशी बचत कोणत्याही वहीत जमेस धरू नये. जी बाई लावणी, बेणणी व कापणी तिन्ही करते तिचे अन्न तोडणे म्हणजे बैलाची पेंढ तोडून नांगर चालविण्यासारखे आहे. उलट, कणगीची किल्ली, माप व वही तिच्या हाती द्यावी. किती शिल्लक आहे हे घरात सर्वांआधी तिलाच कळते.

आगोटीची बेगमी

आमच्या किनाऱ्यावरील जुनी आगोट ही काटकसरीची उत्तम शाळा आहे. पाऊस लागण्यापूर्वी घर भरून ठेवण्याची ही रीत. लाकूडफाटा व गोवऱ्या पडवीत रचावयाच्या, कौले चाळून घ्यावयाची, भिंतींस झावळ्यांची झडप बांधावयाची. मीठ, मसाला, चिंच, आमसुले, पापड, वाळविलेला वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, आणि सुकी मासळी, म्हणजे बोंबील, जवळा, वाकटी, भरून ठेवावयाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. ह्या काळात ताजी मासळी दुर्मिळ व महाग होणारच. सुकी मासळी एप्रिल-मे महिन्यांत घरी आलेली असली म्हणजे त्या महागाईशी आपला संबंध राहत नाही.

आगोटीचे तत्त्व एवढेच की, वस्तू मुबलक असताना घ्यावी आणि टंचाईत बाजारास जाऊ नये. हे तत्त्व बारमाही दुकानांच्या काळात जुने झाले असे वाटते. पण तसे नाही. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत काशीद येथील जुना पूल कोसळला, त्यात एकाचा जीव गेला, व अलिबाग-मुरूड रस्ता तुटला. अशा वेळी ज्याचे दुकान मोटारीने येणाऱ्या मालावर चालते त्याचे फळकूट रिकामे होते, आणि ज्याची आगोट भरलेली आहे त्याची चूल चालू राहते.

बेगमीस जोड परसाची. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडके, काकडी, आणि सांडपाण्याच्या कडेस अळू, ही लावण्यास बियाण्याखेरीज खर्च नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे ह्या रानभाज्या आमच्या वडीलधाऱ्यांनी गरिबी म्हणून नव्हे तर ऋतू म्हणून खाल्ल्या. आणि काटकसरीत आनंदास जागा नाही असे ज्यास वाटते त्याने हिवाळ्यात शेतावर लावलेली पोपटी आठवावी. घरच्या वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, एक जुने मडके व पालापाचोळ्याचा जाळ. पाणी नाही, तेल नाही, आणि वाडीतील सर्व मुले भोवती. शहरातील पाहुणा ह्याच पदार्थास पैसे मोजतो.

दुसरी वही : रोकडीची

धान्याची वही नीट असली म्हणजे रोकडीची वही लहान होते. तिची दोन पाने करावी : एक शेतीचे, एक घराचे. ही पाने कधीही मिसळू नयेत. खतासाठी आलेला पैसा घरात गेला, किंवा घराचा पैसा मजुरीत गेला, म्हणजे शेती नफ्यात आहे की तोट्यात हे कोणासच कळत नाही. केंद्र सरकारची पीएम-किसानची वर्षास ६,००० रुपयांची मदत तीन हप्त्यांत येते. ती शेतीच्या पानावर जमा धरावी व बियाणे, खत किंवा अवजाराच्या दुरुस्तीस लावावी. मदत खात्यात आली त्या दिवशीच बाजार करणाऱ्याच्या घरी ती मदत ठरत नाही.

घराच्या पानावर पाच खाती पुरतात : मुलांचे शिक्षण, औषधपाणी, वीज, गॅस व फोन, कापड व सणसमारंभ, कर्जाचे हप्ते. पहिली दोन खाती कधीही तोडू नयेत. शाळा तोडून वाचविलेला रुपया व दुखणे अंगावर काढून वाचविलेला रुपया हे दोन्ही पुढे दसपटीने द्यावे लागतात. शिधापत्रिका, आधार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद, पासबुके व सातबारा एका पेटीत नीट ठेवावे. ऐन दुखण्यात कागद शोधणारास सावकार आधी सापडतो.

काशीदसारख्या ठिकाणी पाहुण्यांच्या रोकडीसंबंधी एक नियम सुचवितो. जी रक्कम महिन्यास येते ती त्या महिन्याची समजू नये. हंगामातील एकूण प्राप्ती बारांनी भागावी व तेवढाच महिन्याचा खर्च ठरवावा. समजा, ऑक्टोबर ते मे ह्या आठ महिन्यांत घरास सर्व खर्च जाऊन ९६,००० रुपये मिळाले. महिन्यास १२,००० मिळाले असे म्हणणारा मनुष्य जूनमध्ये हात पसरतो. महिन्यास ८,००० आहेत असे म्हणणाऱ्याचे ३२,००० रुपये पावसाळ्यासाठी जागेवर असतात. दोघांची प्राप्ती एकच, फरक फक्त भागाकाराचा.

गळती कोठे होते?

शेतकरी लग्नकार्याच्या उधळपट्टीने कर्जबाजारी होतो, असे सर्रास म्हटले जाते. ह्या बाबतीत एक जुना पुरावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८७५ साली सुपे येथून सुरू होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने असे नमूद केले की, लग्न व सण ह्यांच्या खर्चास कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. असे प्रसंग क्वचित येतात, आणि तेवढ्यानेच कर्जाची सुरुवात झाली असे थोड्या ठिकाणी आढळते. अन्न, बियाणे, बैल व सारा ह्यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमा, त्यांवरील व्याज, व जुन्या कर्जाचे नवे कागद ह्यांतून ओझे वाढत होते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

ती गोष्ट देशावरची व दीडशे वर्षांपूर्वीची. पण हिशेब बदललेला नाही. दरमहा शेकडा तीन ह्या दराने १०,००० रुपये घेतले, तर वर्षाने सरळ व्याजाने १३,६०० होतात. दरमहा व्याज मुदलात चढत गेले तर १४,२५८ होतात. ‘शेकडा तीन’ हा शब्द कानास हलका लागतो, म्हणून तो फसवा आहे; तो वर्षाचा शेकडा छत्तीस आहे. उलट, वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्यास ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज व्याजाविना पडावे, अशी सवलत राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केली. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर आपल्या सेवा सोसायटीत प्रत्यक्ष विचारावा. मुख्य गोष्ट ही की, दुकानाची उधारी, हप्त्यावर घेतलेला फोन, हातउसने, ह्या लहान रकमांची बेरीज महिन्याच्या शेवटी एका ओळीत लिहावी. ज्याने ती बेरीज एकदा डोळ्यांनी पाहिली तो पुढील महिन्यात आपोआप सावध होतो.

म्हणून लग्नात उधळावे असे नव्हे. लग्न एकदा होते व त्याची तारीख आधी ठरते. त्यासाठी तीन वर्षे आधीपासून बाजूस टाकता येते. पंचवीस रुपयांची रोजची उधारी मात्र कोणासही न दिसता वर्षास ९,१२५ रुपये खाते.

काटकसरीची मर्यादा

येथवर वाचून कोणी असे समजू नये की, सर्व दारिद्र्य वहीने हटते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल व पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर झालेले डॉ. हॅरॉल्ड मान ह्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक कुटुंबास किती लागते, जमिनीतून किती येते व कर्जात किती जाते, असा हिशेब त्यांनी मांडला. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे आपल्या जमिनीवर सुस्थितीत होती. २८ बाहेरील मजुरी जोडून तग धरीत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांची तोंडमिळवणी कशानेही होत नव्हती. ह्या ६७ घरांस कोणी काटकसर शिकवावी? जेथे जमीनच तोकडी आहे तेथे खर्च कापून तूट भरत नाही, जोडधंदाच पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर तो जोडधंदा वाडीत आहे. नारळीच्या खाली मिरी, जायफळ, दालचिनी, केळी, अशी मिश्र लागवड करण्याची शिफारस दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने केलेली आहे. तिचा मोठा गुण हा की, उत्पन्न एका झाडावर व एका महिन्यावर अवलंबून राहत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडील वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे पाहुण्यांची रोकड मार्चपासूनच बंद होती. आता वाडीही गेली. पोफळ लावल्यापासून फळास येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, नारळीस साधारण तितकीच किंवा अधिक. शासनाची भरपाई एकदा मिळते. झाडाचे उत्पन्न दरवर्षी बुडत राहते. म्हणून वाडीच्या उत्पन्नातून दरवर्षी काही भाग नवीन रोपांसाठी व काही संकटनिधीसाठी काढलाच पाहिजे. ही उधळपट्टी नव्हे व चैनही नव्हे. ते वाडीचे भाडे आहे असे समजावे.

जमीन ही मिळकत नव्हे, मूळ आहे

आता शेवटची व सर्वांत मोठी गोष्ट. किनाऱ्यालगतच्या जमिनीस आज गिऱ्हाईक आहे. ते बहुधा पावसाळ्याच्या तोंडी, शाळेच्या फीच्या वेळी, किंवा घरात दुखणे असताना येते, आणि जी रक्कम सांगते ती शेतकऱ्याने आयुष्यात एकत्र पाहिलेली नसते. जमीन विकू नका असा सरसकट उपदेश आम्ही करणार नाही. मोठे ऑपरेशन, मुलीचे उच्च शिक्षण, भाऊबंदांची वाटणी, अशा कारणांनी एखाद्यास विकावी लागते, आणि तो त्याचा अधिकार आहे. आमचे सांगणे इतकेच की, विक्री अडचणीत होऊ नये, विचाराने व्हावी. आणि आलेली रक्कम रोकडीच्या वहीत मिळकत म्हणून कधीही लिहू नये. ते मूळ आहे. फार तर त्याचे व्याज खर्चावे. ज्या एकर खाचराने पाच माणसांस वर्षभर भात दिले असते, ते विकून घेतलेली मोटार पाच वर्षांत जुनी होते, आणि भात तर रोज लागतेच.

डॉ. मान ह्यांनी जेथील शेतांचा वाफा-वाफा मोजला होता, ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. शहर वाढले हे कोणाचे पाप नव्हे. पण आपली जमीन शहरास द्यावयाची की नाही हे ठरविण्यास शेतकऱ्यास अवसर पाहिजे, आणि तो अवसर त्याला कणगीच देऊ शकते. चरीच्या कुळांची स्वतःची जमीन नव्हती, तरी ती मिळविण्यासाठी त्यांनी सहा पावसाळे कळ काढली. त्यांच्या नातवंडांस व शेजाऱ्यांस ती राखण्यासाठी दोन महिन्यांचा साठा करणे जड जाऊ नये.

तरी वाचकांस विनंती अशी की, येत्या दिवाळीच्या पाडव्यास, खळ्यावरून भात घरी येईल तेव्हा, दोन साध्या वह्या आणाव्या. एकीत पहिल्या पानावर घरातील माणसांची संख्या, रोजचा तांदूळ, लागणारे भात व दोन महिन्यांची शिल्लक लिहावी. दुसरीत गेल्या वर्षी उधारीवर काय काय आणले ते आठवून लिहावे. लिहिताना घरातील सर्वांनी, मुलांनीही, जवळ बसावे. मग तेवढे भात मोजून कणगीत घालावे, तोंड लिंपून टाकावे, आणि त्यानंतरच व्यापाऱ्यास भाव विचारावा.